एका टिकलीची पांढरी वीट

देवजी पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तेव्हा मी त्याला जवळजवळ हाकललाच होता. जून महिना, शाळा उघडायच्या आदला आठवडा. बेलापुरात माझं वह्या-पुस्तकांचं आणि थोड्याफार खेळण्यांचं दुकान. त्या आठवड्यात आया खाकी कागदाच्या गुंडाळ्यांवरून एकमेकींशी भांडतात आणि मी सगळ्यांशी भांडतो. त्या गर्दीत वॉचमनच्या कपड्यातला, पन्नाशी ओलांडलेला एक सडपातळ माणूस अर्धा तास कोपऱ्यात उभा होता. गर्दी ओसरल्यावर तो पुढं आला, खिशातून रुमाल काढला, रुमालाची घडी उलगडली आणि आतली वस्तू काउंटरवर ठेवली. प्लास्टिकचा लाल ठोकळा. वरती आठ गोल टिकल्या, खालून पोकळ. एकात एक अडकवून मुलं घरं, गाड्या बनवतात तसला.

"शेट, असली वीट हाय काय?"

मी त्याच्यापुढं आपल्या देशी ठोकळ्यांची पिशवी टाकली. त्यानं परवानगी मागून एक ठोकळा बाहेर काढला आणि आपल्या लाल ठोकळ्यावर बसवून पाहिला. बसेना. जोर लावला तेव्हा बसला आणि हात काढताच निसटला. त्यानं पुन्हा पिशवीत घातला, पिशवीचं तोंड होतं तसं बांधून दिलं. असं गिऱ्हाईक मला आवडतं, म्हणून मी जरा मऊ आवाजात विचारलं, नातवासाठी हवेत का. तो म्हणाला, नाही, आवशीसाठी. आवस म्हणजे आई, हे एव्हाना मला कळायला लागलं होतं. मला वाटलं, म्हातारीचं वय झालं असेल, पोरासारखी खेळायला मागत असेल. आईचं वय काय, असं विचारलं.

"मेली ना ती," देवजी म्हणाला. "सात वरसा झाली."

आता माझ्याविषयी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कोण सांगतंय ते कळेल. माझं नाव उदयसिंह. नाव सरदाराचं आणि धंदा खोडरबराचा, असं माझी बायको राजलक्ष्मी पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. माझा स्वभाव तिरसट आहे आणि भुताखेतांवर माझा विश्वास नाही. निदान तेव्हा नव्हता. देवजी पाच-साडेपाच वर्षं माझ्याकडं येत राहिला. तो एकदम सगळं सांगणाऱ्यांतला नव्हता. ठोकळे चाळता चाळता एखादं वाक्य टाकायचा. ती वाक्यं जोडून त्याची हकिगत तयार झाली ती अशी.

जासईच्या पुढं खाडीच्या काठाला वीस-बावीस घरांची त्यांची वाडी होती. थोडं भात, थोडं मीठ, भरतीला येईल ती मासळी. बंदर यायचं ठरलं तशा जमिनी गेल्या, मग घरं उठली, खाडीत मातीचा भराव पडला. देवजीला मूलबाळ नव्हतं. तो, बायको सुमित्राबाई आणि म्हातारी एवढंच बिऱ्हाड. दुसरी सोय होईपर्यंत म्हणून ते बेलापूरलगतच्या दिवाळे गावात सुमित्राबाईच्या भावाकडं, भगवानकडं, येऊन राहिले, आणि दुसरी सोय काही झाली नाही. म्हातारीला हे फार लागलं. सुनेच्या माहेरी राहायचं, सुनेच्या भावजयीनं वाढलेलं खायचं. भगवानची बायको चांगली होती, पण त्यानं काय होतंय. म्हातारी चार महिने भिंतीकडं तोंड करून बसली. मला माझ्या घरात न्या, एवढंच म्हणायची. आणि तिथंच, सुनेच्या माहेरी, तिनं प्राण सोडला.

दहाव्याला खाडीच्या काठावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. आमच्याकडं आणि त्यांच्याकडं यात काही फरक नाही. कावळा शिवला नाही की मेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजायचं आणि जवळच्यांनी एकेक करून पुढं होऊन शब्द द्यायचा. यात एक व्यवहार असतो, तो कुणी बोलून दाखवत नाही. शब्द सोपा द्यायचा. धाकटीचं लग्न करू, म्हशीला विकणार नाही, असा. उन्हानं टाळू तापते, कुणाच्या तरी शब्दाला कावळा येतो, सगळे सुटल्यासारखे उठतात, आणि दिलेला शब्द घरी पोचेपर्यंत निम्मा विसरलेला असतो. माझ्या वडिलांच्या दहाव्याला मी गावच्या विहिरीचा गाळ काढून घेईन म्हणालो होतो. गाळ अजून आहे तिथं आहे आणि मला छान झोप लागते.

देवजीनं मात्र त्या दिवशी हात जोडून सगळ्यांदेखत सांगितलं, "आये, तुजा घर बांधून देन. व्हता तसा." कावळा झपकन खाली आला. भावकीतले लोक उठले, कपडे झटकून घरी गेले. देवजी तिथंच बसून राहिला, कारण आपण काय बोलून बसलो ते त्याला एकट्यालाच कळलं होतं.

होतं तसं घर बांधायचं कुठं? वाडीवर भराव, भरावावर कंटेनरचं यार्ड. त्याच यार्डात त्याला वॉचमनची नोकरी लागली. कुंपणालगत एक भेंडीचं झाड वाचलं होतं, भाजीची नव्हे, खाडीकाठी वाढते ती थोरली भेंडी. त्या झाडापासून पावलं टाकून त्यानं आपल्या घराची जागा हुडकली. तिसऱ्या रांगेतले लोखंडी डबे त्यांच्या ओटीवर उभे होते, असं तो सांगायचा. खुर्ची टाकायला त्यानं तीच जागा मागून घेतली होती. दिवसभर तो आपल्याच घरावर बसून लोकांच्या मालाची राखण करायचा.

मग यार्डातल्या एका साहेबाची बदली झाली. क्वार्टर रिकामं करताना त्यांनी मुलांचा जुना खेळ, परदेशी ठोकळ्यांनी भरलेला एक डबा, देवजीच्या हातात ठेवला. घरी पोरांना दे म्हणाले. साहेबाला काय माहीत याच्या घरी पोर नाही. देवजीनं तो डबा घरी आणून दोन दिवस तसाच ठेवला. सुट्टीच्या दिवशी सहज दोन ठोकळे एकमेकांवर दाबले. खट् आवाज झाला आणि ते असे पक्के बसले की नखानं काढायला लागले. त्या आवाजाबरोबर आपला शब्द कसा पाळायचा ते त्याला उमगलं. डब्यातल्या विटा त्या चिमुकल्या घराच्या भिंती निम्म्या व्हायच्या आत संपल्या, म्हणून तो लाल वीट रुमालात बांधून माझ्या दुकानात आला होता.

मी क्रॉफर्ड मार्केटच्या माझ्या घाऊकवाल्याकडं चौकशी केली. तो हसला. परदेशी ठोकळे कधीमधी येतात ते सीलबंद खोक्यात, मोठ्या लोकांच्या वाढदिवसाला. सुटी वीट कोण विकतंय? मी देवजीला हे सांगितलं तर तो बरं म्हणाला आणि पुढच्या गुरुवारी परत आला. गुरुवारी त्याची सुट्टी असायची. सलग चार गुरुवार तो आला, देशी ठोकळ्यांकडं बघून गेला. शेवटी माझ्याच डोक्यात आलं की वाशी-नेरुळला आखातातून आलेली इतकी कुटुंबं आहेत, त्यांच्या पलंगाखाली हा माल नक्की धूळ खात पडलेला असणार. मी दुकानावर पुठ्ठा लावला: परदेशी ठोकळे आणा, पेन्सिल घेऊन जा. पोरं मुठी भरभरून आणायला लागली. एक बाई तर तावातावानं आली, तिच्या चिरंजीवांनी वासाच्या खोडरबरापायी अख्खं विमान सुटं करून आणलं होतं. पुढं पुढं मलाच ती सवय लागली. पाहुण्यांकडं गेलो की मी सोफ्याच्या गाद्यांमागं हात घालून बघायचो. राजलक्ष्मी म्हणाली, लाज नाही ती नाहीच.

देवजी काउंटरमागच्या स्टुलावर बसून गोळा झालेला माल निवडायचा. भिंतींना पांढऱ्या, कौलांना लाल. उन्हानं पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या विटा मी फेकायला काढल्या तर त्यानं त्या हावऱ्यासारख्या उचलल्या. चुलीमागची भिंत धुरानं तशीच झाली होती म्हणाला. रंग लावायला तयार नव्हता. रंग दिला की ते नाटकातलं घर होईल, असं त्याचं म्हणणं. वाडीतली माणसं आता घणसोलीपासून उरणपर्यंत पांगली होती. त्यांच्याकडं जाऊन तो विचारायचा, आमच्या ओटीला पायऱ्या किती होत्या, खिडकी कुठल्या अंगाला. एकाचं दुसऱ्याशी जुळायचं नाही. घर पाडून दहा वर्षं झाली नव्हती आणि त्याच्या खिडक्या लोकांच्या डोक्यात हव्या तिकडं सरकायला लागल्या होत्या. त्याची त्याला भीती वाटायची. मलाही वाटली, कारण त्या दिवशी मी गावच्या आमच्या घराच्या पायऱ्या आठवून बघितल्या आणि मला त्या आठवल्या नाहीत.

वयाची छप्पन-सत्तावन्न वर्षं गाठेपर्यंत त्याला रक्तदाब जडला. बेलापूरच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. शहाण्णवच्या दिवाळीनंतर एके दिवशी तो सुक्या बोंबलांचा जुडगा घेऊन आला, मला दिला आणि म्हणाला, एकच वीट राहिली. ओटीवरच्या खिडकीच्या कडेला, जिथं म्हातारी बसायची तिथं, एका टिकलीची पांढरी वीट. मी डबे पालथे घालून ती काढून दिली. मला मनापासून आनंद झाला होता. मी त्याच्यासाठी चहा मागवला.

तो आठ दिवसांनी परत आला. पुन्हा एका टिकलीची पांढरी वीट पाहिजे होती. पहिली हरवली का विचारलं तर नुसती मान हलवली. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच मागणी. मग पुन्हा. सहाव्या-सातव्या खेपेला मी वैतागलो आणि विटा जातात कुठं ते सांग म्हणालो.

"आवस काढते," तो म्हणाला. दूधवाला आला होता, असं सांगावं इतक्या साध्या आवाजात.

त्याचं म्हणणं असं. तो संध्याकाळी कामावरून आला की तेवढी एकच वीट निघालेली असायची. खाली पडलेली नसायची, नाहीशी झालेली असायची. म्हणजे काहीतरी चुकलंय आणि म्हातारी बोट ठेवून दाखवतेय. त्यानं खिडकी एकदा डावीकडं नेली, एकदा वर घेतली, ती भिंत तीनदा उतरवून पुन्हा चढवली. तरी वीट जायचीच. मी नेहमीप्रमाणं चेष्टा केली, इतक्या विटा नेल्या म्हणजे म्हातारी तिकडं दुमजली बांधत असणार. तो हसला नाही. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी घरातून खोकला येतो म्हणाला. कुठल्या घरातून, असं मी विचारलं आणि विचारतानाच मला उत्तर कळलं. माझ्या मानेवर काटा आला, तो मला अजून आवडलेला नाही.

पुढच्या आठवड्यात, दुपारी शटर अर्धं ओढून मी डबा खात होतो, तेव्हा सुमित्राबाई आत आली. ती बेलापूरच्या बाजारात मासळी विकायची. मी तिला ओळखत होतो, पण दुकानात ती कधी आली नव्हती. पाटी बाहेर ठेवून तिनं हात लुगड्याला पुसले, पदराची गाठ सोडली आणि काउंटरवर ओंजळ रिकामी केली. एका टिकलीच्या पांढऱ्या विटा. सहा-सात तरी होत्या.

"शेट, या तुमच्या इटा," ती म्हणाली. "आता त्याना देऊ नका."

मी डबा बाजूला सारला. ती उभ्या उभ्याच सांगत गेली. पहिल्यांदा ती शेवटची वीट बसली, त्या संध्याकाळी देवजीनं घराला हात जोडले आणि गोळ्यांची पुडी उचलून खिडकीबाहेर टाकली. आवशीचं काम झालं, आता मी मोकळा, असं म्हणाला. मग चटईवर आडवा झाला, तोंड त्या घराकडं. चार दिवस कामावर गेला नाही, पेजेच्या पाण्यापलीकडं काही घेतलं नाही. आजारी नव्हता, दुःखी पण नव्हता. नुसता निघायच्या तयारीत होता. पाचव्या दिवशी सुमित्राबाईचं डोकं फिरलं. ते घर उचलून खाडीत फेकायचं म्हणून ती पुढं गेली, पण हात गेला तो त्या एका विटेवर. देवजीचा डोळा लागला होता तेवढ्यात ती उपटून तिनं पदरात बांधली. देवजीला थोड्या वेळानं ते भोक दिसलं. तो उठून बसला. कितीतरी वेळ बघत राहिला. मग तोंड धुतलं, भाकरी मागितली, आणि बाहेर जाऊन मातीत पडलेली पुडी शोधून आणून त्यानं आपल्या हातानं गोळी घेतली. काम राहिलंय, म्हणाला.

तेव्हापासून तो वीट बसवायचा आणि ती काढायची.

"मी चोर नाय, शेट," ती म्हणाली. "सासूसला घर मिलाला पायजे ता मना बी कलते. पन मना ह्यांच्याबिगर दुसरा कोन हाय?"

मी त्या विटा एका जुन्या कंपासपेटीत भरल्या आणि पेटी गल्ल्याखाली सारली. त्या गुरुवारी देवजी आला तेव्हा मी त्याच्या डोळ्यांकडं न बघता सांगितलं की ती वीट आता येत नाही, पोरं मोठी झाली, बाजारातही नाही. तो बरं म्हणाला. पुढच्या सुट्टीला तो एकटाच मुंबईला गेला, क्रॉफर्ड मार्केटच्या सगळ्या गल्ल्या पायी फिरला आणि रिकाम्या हातानं परत आला. वर मला येऊन सांगितलं, शेट, तुमी खरा बोलत व्हतात. मी खोडरबरांचा खोका उघडून आत तोंड घातलं.

असं दीड वर्ष चाललं. तो गोळ्या खात होता, कामावर जात होता, दर गुरुवारी येऊन विचारत होता. जिवंत होता, हे माझं समाधान. पण तो माणूस आतून खंगत होता तेही मला दिसत होतं. म्हातारी झोपू देत नाही म्हणायचा. भोकातून वारा येतो, तिला थंडी वाजते म्हणायचा. पेटी माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर असायची. रोज वाटायचं, देऊन टाकावी एक. आणि रोज सुमित्राबाई बाजारातून जाताना दुकानाकडं एक नजर टाकायची, की माझा हात मागं यायचा. एकाला जगवायचं म्हणून आम्ही दुसरीला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं होतं. ती मेलेली आहे, तिला काय कळतंय, असं मी स्वतःला सांगायचो. माझं मला पटायचं नाही.

एकदा त्यानं मला घर बघायला नेलं. भर दुपार. दिवाळ्याच्या गल्लीत बांबूच्या आडव्या वलांडीवर मासळी वाळत होती, घरं चिडीचूप. खोलीच्या कोपऱ्यात प्लायवूडच्या फळीवर यार्डातली माती पसरून त्यावर ते उभं होतं. उतरतं लाल छप्पर, पांढऱ्या भिंती, तीन पायऱ्यांची ओटी. खेळण्यातलं वाटत नव्हतं. फार लांबून बघितलेलं खरं घर वाटत होतं. देवजीनं सांगितलं की आत सगळं आहे. चूल आहे, माच आहे, भाताची कणगी आहे. छप्पर बसवल्यावर ते कुणालाच दिसणार नव्हतं, तरी केलं होतं. खिडकीच्या कडेला ते भोक होतं, करंगळीचं टोक जाईल एवढं. मी वाकून त्याला डोळा लावला.

आतून कुणी बघत होतं असं मी म्हणणार नाही. मी डोळा फार घाईनं काढून घेतला, एवढं कबूल करतो. त्याच वेळी कुणीतरी खोकलं. सुकं, म्हाताऱ्या बाईचं खोकणं. सुमित्राबाई बाजारात होती. भगवान आणि त्याची बायको खाडीवर गेली होती.

"आयकला?" देवजीनं विचारलं.

मी नाही म्हणालो. दीड वर्षात त्याच्याशी इतकं खोटं बोललो, त्यातलं हे सगळ्यात वाईट. मी हो म्हणालो असतो तर निदान तो त्या खोकल्याजवळ एकटा पडला नसता.

अठ्ठ्याण्णवच्या मार्गशीर्षात देवजी गेला. यार्डात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, तिसऱ्या रांगेजवळ खुर्चीवर बसलेला असताना. डबा उघडलेला नव्हता. खिशात रुमालात बांधलेली ती लाल वीट होती आणि त्या दिवशीची गोळी पोटात गेलेली होती. सुमित्राबाईनं गोळ्या मोजून बघितल्या. गोळी चुकली नव्हती हे तिनं मला दोनदा सांगितलं. एकदा माझ्यासाठी असेल, एकदा स्वतःसाठी.

दहाव्याला मी गेलो. दिवाळ्यात कावळ्यांची काय कमी? मासळीच्या गावात ते माणसाच्या खांद्यावर बसायला कमी करत नाहीत. त्या दिवशी प्रत्येक होडीच्या काठीवर एकेक बसला होता आणि पिंडाकडं बघत होता. एकही खाली येईना. भगवान पुढं झाला, बहिणीला कधी अंतर देणार नाही म्हणाला. कावळे हलले नाहीत. यार्डातला एकजण म्हणाला, तुमची खुर्ची आम्ही कुणाला देणार नाही. तरी नाही. चुलत भावांनी आठवतील ते शब्द दिले. ऊन चढलं. लोक माझ्याकडंही बघायला लागले, मी परका असूनसुद्धा. काय पाहिजे ते मला ठाऊक होतं. मी मान वर करून सुमित्राबाईकडं पाहिलं. ती बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती.

ती पुढं आली. मूठ उघडली. तळहातावर एका टिकलीची पांढरी वीट होती, माझ्याकडं न देता तिनं ठेवून घेतलेली. ती कसली, कुणाला कळलं नाही. भगवाननं माझ्याकडं बघून खुणेनं विचारलं, मी तोंड फिरवलं.

"मीच काढीत व्हते," ती पिंडाकडं बघून म्हणाली. "घरा जाऊन लावते. आजच लावते."

शब्द तोंडातून पुरता निघाला नव्हता तोच कावळा खाली आला. एक नाही, तीन-चार. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, कपडे झटकले आणि आपापल्या घरी गेले. मी दुकान उघडलं, पण दिवसभर माझ्याकडून कुणाला मोड बरोबर परत दिली गेली नाही.

महिन्याभरानं मी दिवाळ्याला गेलो. निमित्त सुकटीचं होतं. खरं तर मला ते घर पुरं झालेलं एकदा बघायचं होतं. देवजीसाठी, म्हातारीसाठी, आणि माझ्यासाठीही, कारण त्या भोकापायी मला झोप लागत नव्हती. सुमित्राबाईनं दार उघडलं. मी कोपऱ्याकडं बघितलं. छप्पर स्वच्छ पुसलेलं होतं, ओटीवर धूळ नव्हती. खिडकीच्या कडेला भोक होतं तसंच होतं. भोकासमोर फळीवर पाण्याचं एक फुलपात्र होतं आणि फुलपात्राशेजारी, कागदाच्या कपट्यावर, रक्तदाबाची गोळी.

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही शब्द दिला होता."

"दिलता," ती म्हणाली.

मग तिनं मला पाट दिला, पाणी दिलं आणि समोर बसून शांतपणे सांगितलं की दुपारी आता दोघांचा खोकला येतो. आधी म्हातारीचा, मग देवजीचा. त्याचा तिला बरोबर ओळखू येतो, पंचवीस वर्षं शेजारी ऐकलाय. म्हातारी आता कुरकुर करत नाही, तिचा लेक घरी आलाय. भगवान म्हणतो, हे बरं नाही, खाडीत सोडून देऊ. ती रोज त्याला उद्या म्हणून सांगते.

"इट लावली तं ते जातील नं, शेट," ती म्हणाली.

कावळ्याला दिलेला शब्द विसरणारी माणसं मी जन्मभर बघितली, मीही त्यातलाच एक. तो शब्द रोज आठवून, रोज मोडणारी ही एवढी एकच. मला तिचा राग यायला हवा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. आतून, त्या कोपऱ्यातून, कुणीतरी दबक्या आवाजात खोकलं. सुमित्राबाईनं माझ्याकडं बघितलं. या वेळी मी म्हणालो, हो, ऐकलं.

येताना मी कंपासपेटीतली एक वीट खिशात घालून आणली होती. तिच्याच्यानं होत नसेल तर आपण आपल्या हातानं लावून टाकू, असं ठरवून आलो होतो. ती तशीच खिशात घेऊन मी परत आलो.